युद्धातल्या लेकरांना वाचवतात म्हणजे नेमकं काय करतात?

दिवाळीनंतर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. सोलापूरच्या पूर्व भागात त्याचा टॉवेल-चादरींचा छोटा कारखाना आहे. ढिगाऱ्यातून बाहेर काढलेल्या एका पोराचा व्हिडिओ मोबाइलवर पाहून त्याची झोप उडाली होती. "बाई, शंभर चादरी देतो. कुठं पाठवायच्या तेवढं सांगा," म्हणाला.

मला पटकन उत्तर देता आलं नाही. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं, लेकरांचं आपल्याला बरंच कळतं असं वाटायचं. पण गोळीबार चालू असलेल्या गावात पाच वर्षांच्या मुलाला वाचवायचं म्हणजे पहिल्या दिवशी काय करायचं आणि महिन्याभरानं काय, हे मला नीट सांगता येईना. मग वाचत गेले, माहीतगारांना विचारत गेले. जे समजलं ते त्याच्यासाठी आणि असाच प्रश्न पडलेल्या सगळ्यांसाठी लिहिते आहे.

सुरुवात मात्र युद्धापासून नको, गड्ड्यापासून, म्हणजे आमच्या सोलापूरच्या यात्रेपासून करू.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर पाय ठेवायला जागा नसते. आम्ही काही जण तिथे हरवलेल्या मुलांसाठी मंडप चालवतो. एक टेबल, वही, माइक, चटई आणि पाण्याचा जार, एवढंच सामान. काही वर्षांपूर्वी शोभेच्या दारूकामाच्या रात्री एका पोलिस शिपायानं चारेक वर्षांची मुलगी आणून बसवली. फटाक्यांच्या आवाजानं बिथरली होती, रडून घसा बसला होता. नाव विचारलं तर बोलेना, बिस्किट दिलं तर घेईना. एकच शब्द पुटपुटत होती, "नाना, नाना". आम्ही पंधरा मिनिटं माइकवरून पुकारत होतो, नाना नावाचे गृहस्थ जिथे असतील तिथून त्यांनी मंडपात यावे. नाना काही आले नाहीत.

बाहेर भेळेची गाडी लावणाऱ्या एक मावशी आत डोकावल्या. मुलीसमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "नी पेरेमी, अम्मा?" पोरगी एकदम बोलायलाच लागली. तिला मराठी येत नव्हतं. तेलुगूत नान्ना म्हणजे बाप. ती बापाला हाका मारत होती आणि आम्ही त्या नावाचा माणूस शोधत होतो.

अर्ध्या तासानं एक बाई धावत आल्या, माझीच पोर म्हणाल्या. मावशींनी मुलीला लगेच पुढं केलं नाही. आधी बाईंना बाजूला घेऊन विचारलं, घरात काय म्हणून हाक मारता, अंगावर खूण कुठं आहे, धाकटं भावंड आहे का. मग मुलीला तेच वेगळं विचारलं. दोन्हीकडची उत्तरं जुळली तेव्हाच हात सोडला. त्या आईला राग आला होता, आणि तिचा राग मला समजतो. पण मावशींचंच बरोबर होतं.

युद्धात लेकरांसाठी काम करणारी माणसं जे करतात, त्यातलं निम्मं त्या अर्ध्या तासात येऊन गेलं.

आपण बाहेरून बघतो तेव्हा आपल्याला मदत दिसते. पोटाला अन्न, अंगावर पांघरूण, जखमेला औषध. ती लागतेच. पण या क्षेत्रातली माणसं दुसरा एक शब्द सारखा वापरतात, तो म्हणजे संरक्षण. हे लेकरू आत्ता कुणाच्या ताब्यात आहे? त्याचं नाव कुठल्या वहीत लिहिलंय का? रात्री ते कुणाशेजारी झोपतं? पाणी आणायला जाताना वाटेत कोण उभं असतं? या प्रश्नांची उत्तरं धड नसतील, तर पोट भरलेलं लेकरूही उद्या पळवलं जाऊ शकतं, विकलं जाऊ शकतं, हातात बंदूक देऊन उभं केलं जाऊ शकतं. चादर थंडी अडवते, माणूस अडवू शकत नाही.

म्हणून पहिलं काम नाव लिहिण्याचं. ऐकायला फार किरकोळ वाटतं. पहिल्या महायुद्धात, १९१४ साली, रेड क्रॉसनं जिनिव्हात बेपत्ता सैनिक आणि कैदी यांच्या नावांची कार्डं लिहायला घेतली. युद्ध संपेतो अशी सुमारे ७० लाख कार्डं झाली. एका बाजूला कैद्याचं कार्ड, दुसऱ्या बाजूला त्याला शोधणाऱ्या घरच्यांचं कार्ड, आणि हातांनी चाळून दोन्हींची गाठ घालणारे स्वयंसेवक. आजही तत्त्व तेच आहे, फक्त संगणक आले.

१९९४ मध्ये रवांडात शंभर दिवसांत लाखो माणसं कापली गेली. पळापळीत एक लाखाहून जास्त मुलं आपल्या माणसांपासून तुटली. त्यातली कितीतरी इतकी लहान होती, की त्यांना स्वतःचं पूर्ण नाव सांगता येत नव्हतं. आईचं नाव विचारलं की "आई" सांगणारी. अशा मुलांचे फोटो काढून छावण्यांमधून फिरवले गेले, कुणी ओळखतंय का बघायला. मुलांशी बोलताना पत्ता विचारत नसत, कारण त्या वयात पत्ता नसतोच. घराजवळ नदी होती का, घरात गाय होती का, आजी कुठलं गाणं म्हणायची, दादाला सगळे काय म्हणायचे, असं विचारत. आणि हे सगळं मुलाच्याच बोलीत. परक्या भाषेत विचारलं तर "नाना"चा माणूस होतो, हे मी स्वतः बघितलं आहे.

मूल सापडलं, नातेवाईकही सापडले, तरी लगेच हवाली करत नाहीत. दोन्हीकडून पडताळणी होते. युद्धात मुलं पळवणारेही मामा-काका म्हणूनच येतात.

इथे एका समजुतीबद्दल बोलायलाच हवं, कारण ती आपल्याकडेही घट्ट आहे. आई-बाप दिसत नाहीत म्हणजे मूल अनाथ, आणि अनाथ म्हणजे आश्रमात न्यायचं, किंवा कुणी दयाळू कुटुंबानं लगेच दत्तक घ्यायचं. युद्धात हे सगळ्यात धोक्याचं पाऊल ठरतं. एकट्या सापडलेल्या बहुतेक मुलांचं कुणी ना कुणी जिवंत असतं. आजी, मावशी, थोरला भाऊ. मूल दूरच्या शहरात किंवा परदेशात नेलं की तो माग कायमचा पुसतो. म्हणून गोंधळ चालू असताना दत्तक देऊ नये, असा नियम जगभर मानला जातो. तोपर्यंत मुलाला शक्यतो त्याच वस्तीतल्या ओळखीच्या कुटुंबात ठेवायचं आणि शोध चालू ठेवायचा. मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं रशियाचे अध्यक्ष व्लादिमीर पुतिन आणि तिथल्या बालहक्क आयुक्त मारिया ल्वोवा-बेलोवा यांच्यावर अटक वॉरंट काढलं, ते युक्रेनमधली मुलं बेकायदा रशियात नेल्याच्या आरोपावरून. मुलांना बरं जेवण मिळालं की नाही हा तिथे मुद्दाच नाही. त्यांना त्यांच्या माणसांपासून तोडलं, हाच गुन्हा.

तुटण्याची जखम किती खोल असते, हे कळायलाही एक युद्धच घडावं लागलं. १९३९ च्या सप्टेंबरात बॉम्बच्या भीतीनं ब्रिटनमध्ये शहरांतली मुलं खेड्यापाड्यांत अनोळखी घरी पाठवली गेली. हेतू चांगलाच होता. लंडनमध्ये ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघी त्या काळात हॅम्पस्टेडला लहान मुलांसाठी पाळणाघरं चालवत होत्या. त्यांच्या लक्षात आलं, की बॉम्ब पडताना आईच्या कुशीत असलेलं मूल तुलनेनं सावरतं. सुरक्षित जागी पण आईविना असलेलं मूल मात्र आतून कोसळतं. बोलणं बंद होतं, अंथरूण ओलं होतं, शिकलेलं विसरतं. तेव्हापासून नियम झाला, की हलवायचंच तर मुलाला माणसासकट हलवा.

याचं एक उदाहरण आपल्या शेजारच्या कोल्हापुरात आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियानं हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे ५ हजार जण १९४३ पासून पुढची चार-पाच वर्षं वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यात बायका-मुलंच जास्त. जामनगरजवळ बालाचडीला तिथले जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी पोलिश मुलांना आसरा दिला होता, ती गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. वळिवड्याची कमी माहीत असते. तिथे पोलिश भाषेतल्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काउटची पथकं होती. हजारो मैल लांब पंचगंगेकाठी त्या मुलांना आपली भाषा, आपले सण, आपले शिक्षक मिळत राहिले. निर्वासित मुलांच्या छावणीबद्दल आजची पुस्तकं जे सांगतात, त्यातलं पुष्कळ तिथे तेव्हाच होत होतं.

आता कायद्याकडे येते, थोडक्यात, कारण कायदे पुष्कळ आहेत आणि पाळणारे कमी.

पहिलं महायुद्ध संपलं तरी दोस्त राष्ट्रांनी जर्मनी-ऑस्ट्रियाची नाकेबंदी उठवली नव्हती, आणि तिथली पोरं उपाशी मरत होती. १९१९ मध्ये एग्लंटाइन जेब नावाच्या इंग्रज बाईंनी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात त्याची पत्रकं वाटली. शत्रूच्या मुलांसाठी! त्यांना अटक झाली, पाच पौंड दंड झाला, आणि तो दंड सरकारी वकिलानंच भरला असं सांगतात. त्याच वर्षी त्यांनी 'सेव्ह द चिल्ड्रन' सुरू केली. त्यांनी लिहिलेला मुलांच्या हक्कांचा जाहीरनामा १९२४ मध्ये राष्ट्रसंघानं स्वीकारला. पुढे १९४९ चे जिनिव्हा करार, १९८९ चा बालहक्क करार आणि २००० सालचा त्याचा जोडकरार आला. त्या जोडकरारानुसार अठरा वर्षांखालच्या कुणालाही लढाईत उतरवायचं नाही, आणि सरकारी फौजेबाहेरच्या सशस्त्र टोळ्यांनी तर त्यांना भरतीच करायचं नाही. भारतानंही हा करार मान्य केला आहे.

यात माझ्या मते सगळ्यात उपयोगी पाऊल पडलं ते १९९६ नंतर. मोझांबिकच्या ग्रासा माशेल यांनी संयुक्त राष्ट्रांसाठी युद्धातल्या मुलांवर अहवाल लिहिला. त्यातून या कामासाठी एक खास प्रतिनिधी नेमला गेला आणि २००५ मध्ये सुरक्षा परिषदेनं नोंदी ठेवण्याची पद्धत घालून दिली. सहा प्रकारच्या अत्याचारांची नोंद होते. मुलांना मारणं किंवा जायबंदी करणं, त्यांना सशस्त्र गटात ओढणं, लैंगिक अत्याचार, अपहरण, शाळा-दवाखान्यांवर हल्ले, आणि मदत पोचू न देणं. दरवर्षी अहवाल निघतो आणि दोषी फौजांची-टोळ्यांची नावं यादीत छापली जातात. २०२४ या एका वर्षात असे ४१,३७० प्रकार पडताळून नोंदले गेले. आदल्या वर्षापेक्षा २५ टक्के जास्त, आणि नोंदी सुरू झाल्यापासून सर्वाधिक. हा आकडा फक्त पडताळलेल्या प्रकारांचा आहे. जिथे कुणी पोचूच शकलं नाही, तिथलं लेकरू यात नाही.

यादीत नाव छापून काय होतं, असं तो विद्यार्थी मला विचारेल. कधी काहीच होत नाही. पण काही टोळ्यांना उद्या सत्ता हवी असते, मान्यता हवी असते, आणि यादीतून नाव काढायचं तर लेखी आराखडा करून मुलं सोडावी लागतात. अशा वाटाघाटींतून खरोखर हजारो मुलं सुटली आहेत.

बालसैनिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंदूक धरलेला पोरगा येतो. टोळीत मात्र बंदूक न धरणारी मुलंही तितकीच असतात. स्वयंपाक करणारी, ओझी वाहणारी, निरोप्या म्हणून पळणारी, पहाऱ्यावर बसवलेली, आणि 'बायको' म्हणून कुणाला देऊन टाकलेल्या मुली. २००७ मध्ये पॅरिसमध्ये ठरलेल्या तत्त्वांमध्ये या सगळ्यांना एकाच व्याख्येत घेतलं, त्यामागे एक कडू अनुभव होता. सिएरा लिओनमध्ये युद्ध थांबल्यावर टोळ्यांतल्या लोकांना परत आणायची योजना निघाली. शस्त्र जमा करा आणि मदत घ्या, अशी अट. मुलींकडे शस्त्र नव्हतं. त्यामुळे सगळ्यात जास्त सोसलेल्या मुली रांगेतूनच वगळल्या गेल्या. कुणी मुद्दाम केलं नाही, फॉर्म भरताना त्यांचा विचारच झाला नव्हता.

या मुलांना गुन्हेगार मानायचं की बळी? उत्तर सोपं वाटतं, पण डॉमिनिक ऑंग्वेनचं प्रकरण वाचलं की घशाशी येतं. युगांडात शाळेच्या वाटेवर, नऊ वर्षांचा असताना, त्याला लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर टोळीनं पळवलं. मारून-झोडून लढवय्या बनवलं. तो वाढला, त्याच टोळीत मोठा कमांडर झाला, आणि त्यानं इतरांची मुलं पळवली. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं त्याला दोषी धरून २५ वर्षांची शिक्षा दिली. शिक्षा ठरवताना त्याचं चोरलेलं बालपणही विचारात घेतलं. याच न्यायालयाचा पहिलावहिला निकाल, २०१२ चा, काँगोच्या थॉमस लुबांगाविरुद्ध होता, आणि तोही पंधरा वर्षांखालच्या मुलांना लढाईला जुंपल्याबद्दल. चौदा वर्षांची शिक्षा झाली. ऑंग्वेनच्या बाबतीत न्याय झाला असं मला वाटतं. पण तो नऊ वर्षांचा असतानाच कुणाच्या हाती लागला असता तर, हा विचार डोक्यातून जात नाही. लेकरांना लवकरात लवकर सोडवायचं ते यासाठी.

सुटलेलं मूल घरी येतं तेव्हा गाव त्याला घाबरतं. त्यानं काय काय केलं असेल, कुणाला ठाऊक! उत्तर युगांडातल्या अचोली लोकांत परत आलेल्यानं गावाच्या वेशीवर कच्च्या अंड्यावर पाय ठेवून आत यायचं, अशी रीत आहे. अंडं फुटतं आणि बाहेरचं सगळं बाहेर राहतं. आपल्याकडे लांबून आलेल्या माणसावरून दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकतात, त्याच जातीची ही रीत. मदत संस्थांनी अशा रीतींना मान दिला, त्या घडू दिल्या, हे मला फार मोलाचं वाटतं. समुपदेशक महिन्यातून एकदा येतो, पण शेजारीण रोज दारात असते. तिनं स्वीकारलं नाही तर मूल पुन्हा जंगलात जातं. सोबत शाळा किंवा हाताला काम हवंच, नाहीतर टोळीचा माणूस दोन वेळच्या जेवणाचं आमिष घेऊन परत येतोच.

आपल्याही देशात बाल न्याय कायद्यात, २०१५ च्या, कलम ८३ आहे. सशस्त्र गटानं मुलाला भरती केलं किंवा वापरलं तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड. सशस्त्र संघर्षाची झळ लागलेलं मूल हे या कायद्यानं 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरतं, म्हणजे त्याला पोलिस कोठडीत न ठेवता बालकल्याण समितीपुढे न्यायचं.

आता भुकेबद्दल. युद्धात बंदुकीपेक्षा भूक, जुलाब आणि गोवर यांनी जास्त लेकरं जातात, कारण पाण्याची टाकी फुटते, दवाखाना बंद पडतो, रस्ता अडतो. इथे एक साधन बघण्यासारखं आहे, आणि ते तुम्ही तुमच्या गल्लीतल्या अंगणवाडीतही बघू शकता. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध, पट्टीत घ्यायचा. हिरवा आला तर ठीक. पिवळा आला तर लक्ष ठेवायचं. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, जीव धोक्यात. घरी एका दोरीवर साडेअकरा सेंटिमीटरची खूण करा आणि तिचं वेटोळं करून बघा. आपल्या दोन बोटांपेक्षा फारसं जाड काही त्यात मावत नाही. लेकराचा दंड तेवढा झालेला असतो. ही पट्टी वापरायला डॉक्टर लागत नाही, वजनकाटा लागत नाही. आईलाही शिकवता येते.

लाल पट्टीच्या मुलाला पूर्वी दवाखान्यात भरती करून दूध पाजावं लागे. युद्धात दवाखाना कुठला? आणि दुधाची पावडर गढूळ पाण्यात कालवली तर ती औषधाऐवजी विष होते. १९९० च्या दशकात आंद्रे ब्रिआँ या फ्रेंच बालरोगतज्ज्ञानं यावर तोड काढली. शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि खनिजं. ९२ ग्रॅमची पुडी, ५०० कॅलरी. पाणी घालायचं नाही, चूल पेटवायची नाही, कोपरा फाडून मुलानं चोखायचं. तेलकट असल्यानं लवकर खराबही होत नाही. आठवड्याच्या पुड्या घेऊन आई घरी जाते आणि बहुतेक मुलं सहा-आठ आठवड्यांत उभी राहतात. आपण सोलापूरकर शेंगाचटणीशिवाय जेवत नाही. त्याच शेंगदाण्यानं जगाच्या दुसऱ्या टोकाला मरणाच्या दारातली लेकरं परत आणली, हे वाचलं तेव्हा मला भरून आलं.

पण पुडी पोचणार कशी? वाटेत दोन फौजा उभ्या असतात. मदतीचे ट्रक अडवणाऱ्या माणसाशी बोलावंच लागतं. म्हणूनच ही माणसं कुणाची बाजू घेत नाहीत, सगळ्यांशी बोलतात. बाहेरून बघणाऱ्याला ते खटकतं. मलाही आधी खटकायचं. मग एल साल्वादोरची गोष्ट वाचली. तिथे १९८० पासून यादवी युद्ध पेटलं होतं. १९८५ मध्ये युनिसेफ आणि कॅथलिक चर्चनं सरकार आणि बंडखोर दोघांनाही गळ घातली, की वर्षातले फक्त तीन दिवस गोळी चालवू नका, मुलांना लस द्यायची आहे. दोघांनी ऐकलं. त्या तीन दिवसांत सुमारे अडीच लाख मुलांना पोलिओ, गोवर, घटसर्प, डांग्या खोकल्याच्या लसी मिळाल्या. आणि युद्ध संपेपर्यंत, म्हणजे १९९२ पर्यंत, दरवर्षी ते दिवस पाळले गेले. गाझात ऑगस्ट २०२४ मध्ये दहा महिन्यांच्या बाळाला पोलिओनं लकवा मारला. पंचवीस वर्षांतला तिथला पहिला रुग्ण. सप्टेंबरमध्ये ठरावीक भागांत ठरावीक तास हल्ले थांबवून दहा वर्षांखालच्या साडेपाच लाखांहून जास्त मुलांना थेंब पाजले गेले. आपल्या पल्स पोलिओसारखेच बूथ, तशाच थंड पेट्या, बोटावर शाईची तशीच खूण. त्यानंतर लढाई पुन्हा सुरू झाली. थेंब मात्र पोटात गेले होते.

हे काम करणारीही माणसंच असतात. २०२४ मध्ये जगभरात ३८३ मदत कर्मचारी मारले गेले, आणि त्यातले बहुतेक परदेशी नव्हेत, त्याच मातीतले होते.

सोलापूरकरांना यात कोटणीसांची आठवण येणारच. इथे १९१० मध्ये जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जखमींवर उपचार करत तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, ३२ व्या वर्षी गेले. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात मी दरवर्षी वर्ग घेऊन जायचे. मुलांना डॉक्टरांची गोष्ट सांगायचे, पण एक गोष्ट सांगायची राहून जायची, ती आता सांगावीशी वाटते. त्यांचा मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता. यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन, असं त्याचं नाव. युद्धाच्या धामधुमीत बाप गमावलेलं ते बाळ आपल्या सोलापूरचं नातवंडच की. त्याच्याजवळ त्याची आई होती, गुओ चिंगलान, स्वतः परिचारिका. आई होती म्हणून ते वाढलं.

मनाच्या जखमेबद्दलही विचारणा होते. युद्ध पाहिलेलं प्रत्येक मूल कायमचं मोडतं असं नाही. बहुतेकांना महागडे उपचार नकोत, दिनक्रम हवा असतो. ठरलेल्या वेळी उठणं, ठरलेल्या वेळी शाळा, दुपारी खेळ, रात्री तेच माणूस शेजारी. म्हणून छावणीत पहिल्या काही दिवसांतच एक तंबू मुलांच्या खेळासाठी उभा करतात. तिथे चित्रं, दोरीच्या उड्या, गाणी. त्यातून जी थोडी मुलं बोलत नाहीत, जेवत नाहीत, झोपेत किंचाळतात, ती ओळखू येतात आणि त्यांना तज्ज्ञाकडे नेता येतं. शिक्षिका म्हणून मला यात नवल वाटलं नाही. घंटा वाजली आणि बाई वर्गात आल्या, यातच लेकराला किती धीर असतो! म्हणून २०१५ पासून 'सुरक्षित शाळा' जाहीरनाम्यावर शंभराहून जास्त देशांनी सही केली आहे, की फौजांनी शाळेत तळ टाकायचा नाही. सैनिक शाळेत घुसले की शाळा लक्ष्य होते आणि मुलं घरी बसतात. मुलींची तर त्यात लग्नंच लागतात.

सुरुंगात पाय गेलेल्या मुलाबद्दल एकच सांगते. मोठ्या माणसाला कृत्रिम पाय बसवला की तो काही वर्षं चालतो. मूल वाढतं, त्याला दर सहा-आठ महिन्यांनी नवा पाय लागतो. म्हणजे बातमीतून ते युद्ध गेलं तरी पुढची दहा-पंधरा वर्षं कुणीतरी त्या मुलाचं माप घेत राहायला हवं.

तर आता चादरींचं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा सोलापूरही हादरलं होतं. आम्ही घराघरांतून कपडे गोळा करून पाठवले. काही दिवसांनी गेले तेव्हा रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग पावसात कुजत पडलेले पाहिले. आमचेही त्यात असतील. मन चांगलं होतं, पण ते गाठोडं उचलायला, निवडायला तिथे माणूस नव्हता. लांबच्या युद्धात चादर पाठवायची तर तिच्या किमतीपेक्षा भाडं जास्त, वाटेत जकात, नाकी, गोदामं. तेवढ्याच पैशांत तिथल्याच बाजारात पांघरूण मिळतं, आणि तिथल्या विणकराच्या घरात चूल पेटते. विणकराच्या मुलाला हे वेगळं सांगायला नको. मी त्याला म्हटलं, हिशेब जाहीर करणाऱ्या जुन्या, माहितीतल्या संस्थेला रोख पैसे दे, आणि ते 'अमुकच कामाला वापरा' अशी अट घालू नकोस. तिथे उद्या काय लागेल ते त्यांना ठाऊक.

आणि तो व्हिडिओ पुढं पाठवू नकोस, असंही सांगितलं. त्या मुलाचा चेहरा, कपडे, मागची भिंत, सगळं दिसत होतं. ज्यांच्या तावडीतून ते सुटलं असेल, तेही मोबाइल बघतात. इथे आपल्या गावातही एकटं, घाबरलेलं लेकरू दिसलं तर फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. १०९८ ला फोन लावायचा आणि कुणी येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहायचं.

त्यानं पैसे भरले, पावती मला दाखवली. मग मंडपाबद्दल विचारत बसला. यंदाच्या गड्ड्यात त्याची आई आमच्या टेबलाशी बसणार आहे, तेलुगू बोलायला. कन्नडसाठी अक्कलकोट रोडच्या एका आजोबांना विचारलंय. वहीत आम्ही रकाने नव्यानं आखले आहेत, आणि 'घरात काय म्हणून हाक मारतात' हा रकाना सगळ्यात वर घेतला आहे.